छतावरचे तारे: शोभेचे की शिकण्याचे?



घराला रंग काढायचा ठरला की हल्ली मुलांची एक मागणी हमखास येते. "माझ्या खोलीच्या छताला तारे लावायचे!" मग बाजारातून रेडियमच्या चांदण्यांचं पाकीट येतं. पन्नास-साठ चांदण्या, एक चंद्रकोर, कधी एखादा शनी. बाबा घोड्यावर चढतात, मूल खालून "इथे लावा, तिथे लावा" करतं, आणि अर्ध्या तासात आकाश तयार! ज्यांचं बजेट जास्त ते पीओपीमध्ये बारीक दिवे बसवून घेतात, किंवा छतावर हिरवे ठिपके आणि जांभळे ढग फिरवणारा प्रोजेक्टर आणतात. रात्री दिवा मालवला की सगळे "वा!" म्हणतात.

मीही म्हणतो. अंधाराला घाबरणारं मूल त्या मंद उजेडात शांत झोपत असेल, तर त्याला नावं ठेवण्याचं काही कारण नाही. पण एक शिक्षक म्हणून मला एक गोष्ट खटकते. ती आज तुमच्यापुढे मांडतो.

एका चित्रकलेच्या तासाची गोष्ट

एकदा थंडीच्या दिवसांत मी सहावीच्या वर्गाला "रात्रीचं आकाश" असा विषय दिला. तीसेक चित्रं आली. जवळपास सगळ्यांत तेच. पाच टोकांच्या चांदण्या, सगळ्या एकाच आकाराच्या, सगळ्या सारख्या अंतरावर. कोपऱ्यात चंद्रकोर आणि कोरीच्या पोकळीत एक चांदणी. आता चंद्रकोरीची पोकळी रिकामी नसते. तिथे चंद्राचाच न उजळलेला भाग असतो. त्याच्या आरपार तारा दिसणार कसा? पण हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता, कारण त्यांनी आकाश पाहून चित्र काढलंच नव्हतं. त्यांनी चित्रं पाहून चित्र काढलं होतं.

एकच कागद वेगळा होता. त्यावर तिरक्या ओळीत तीन ठिपके, त्यांच्याभोवती चौकोनात चार ठिपके, आणि खाली लांब एक मोठा ठिपका. तो मुलगा ऊसतोड कामगाराचा. हंगामापुरता आमच्या शाळेत आलेला. विचारलं तर म्हणाला, "पहाटं गाडीवर बसल्यावर दिसतंय सर. हरणाला बाण लागलाय. आज्जीनं दावलंय."

त्याच वर्गात एक मुलगी होती. तिच्या खोलीच्या छताला भरपूर तारे लावलेत, हे ती सगळ्यांना कौतुकाने सांगायची. तिचं चित्र मात्र इतरांसारखंच होतं. दोष तिचा नाही. छताने तिला जे शिकवलं, तेच तिने काढलं. कोपीत राहणाऱ्या मुलाला आकाश माहीत आहे, आणि छताला तारे लावणाऱ्यांच्या घरात ते माहीत नाही, ही गोष्ट तेव्हापासून माझ्या मनातून गेली नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: छताला तारे जरूर लावा, पण खरे लावा. खरे म्हणजे आकाशात जिथे आहेत तिथे, तेवढ्याच अंतरावर. साठ नकोत, अठरा पुरेत.

खोलीच्या छताने कधी काळी भीती घालवली होती

तुम्हाला वाटेल, छतासारख्या साध्या गोष्टीचं एवढं काय? तर नेदरलँड्समधल्या फ्रानेकर गावची एक गोष्ट ऐका. 1774 साली मे महिन्यात चंद्र आणि चार ग्रह आकाशात एकमेकांजवळ दिसणार होते. त्यावरून एका छापील पुस्तिकेने घबराट उडवली. ग्रह एकमेकांवर आदळतील, पृथ्वीचा नाश होईल, असं लोक बोलू लागले. त्या गावात आइझे आइझिंगा नावाचा लोकर पिंजणारा कारागीर राहत होता. त्याने ठरवलं, लोकांना समजावत बसण्यापेक्षा करून दाखवायचं. आपल्या राहत्या खोलीच्या छतावर त्याने फिरती सूर्यमाला बांधली. 1774 ते 1781, सात वर्षं काम चाललं. त्यात एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख किलोमीटर असं प्रमाण आहे. ग्रह खऱ्या वेगाने फिरतात, म्हणजे शनीला एक फेरी पुरी करायला तिथेही एकोणतीस वर्षांहून जास्त काळ लागतो. खोली तीच, भिंतीतला झोपायचा पलंगही तिथेच. ते छत आजही चालू आहे आणि 2023 साली त्याला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं.

आपण हसायचं कारण नाही. फेब्रुवारी 1962 मध्ये अष्टग्रही आली तेव्हा आपल्या देशातही प्रलयाच्या भीतीने जागोजागी होमहवन झाले होते. आकाश ओळखीचं नसलं की कोणीही त्याची भीती घालू शकतो. आइझिंगाच्या छताचं मोल त्याच्या देखणेपणात नव्हतं. ते खरं होतं, हे त्याचं मोल.

आधी "रेडियम" शब्दाविषयी

आपण सगळेच या चांदण्यांना रेडियम म्हणतो. त्यात रेडियम नसतं. मेरी आणि पिएर क्युरी यांनी 1898 मध्ये रेडियमचा शोध लावला. पुढे अंधारात चमकणाऱ्या घड्याळांच्या तबकड्यांसाठी रेडियम घातलेला रंग वापरात आला. अमेरिकेत तो रंग भरणाऱ्या मुली ब्रशला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरायच्या. त्यातून रेडियम शरीरात गेलं आणि कित्येकींचे प्राण गेले. आता तो रंग राहिला नाही, आपल्या बोलण्यात नाव तेवढं राहिलं.

आजच्या चांदण्यांत झिंक सल्फाइड किंवा स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट असतं. हे पदार्थ दिव्याचा उजेड साठवतात आणि अंधारात तो हळूहळू सोडतात. याला स्फुरदीप्ती म्हणतात. झिंक सल्फाइड लवकर मंदावतं, स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट काही तास टिकतं.

दुकानात एक काळजी घ्या. गाड्यांच्या नंबर प्लेटवर लावतात ते "रेडियम" वेगळं. ते फक्त पडलेला उजेड परत फेकतं, स्वतः चमकत नाही. तेव्हा दुकानातच तुकड्यावर मोबाईलचा टॉर्च मारा, मग ओंजळीत झाकून आत बघा. ओंजळीत चमकलं तर आपल्या कामाचं.

आणि तयार चांदण्या घेऊ नका. चमकणारा चिकट कागद घ्या आणि शाळेच्या पंचिंग मशीनने त्याचे गोल ठिपके पाडा. का, ते आता पाहू.

मूठभर गणित

हात समोर ताठ धरून मूठ मिटा. एक डोळा बंद करून पाहा. ती मूठ आकाशात साधारण दहा अंश जागा झाकते. लहान मुलाची मूठ लहान, पण हातही आखूड, त्यामुळे हिशेब जवळपास तोच राहतो. आकाश मोजायची ही पट्टी देवाने प्रत्येकाला फुकट दिली आहे.

आता पलंगावर आडवे व्हा. तुमच्या डोळ्यापासून छत सात फूट उंच असेल, तर छतावर एक अंश म्हणजे साधारण दीड इंच. दहा अंश, म्हणजे एक मूठ, पंधरा इंच. या मापात पौर्णिमेचा चंद्र केवढा होईल? चंद्र आकाशात अर्धा अंश असतो, म्हणजे छतावर पाऊण इंच. आणि पाकिटातली चांदणी असते दीड-दोन इंचांची! एकेक तारा दोन-दोन चंद्रांएवढा रुंद. मुलाच्या मनात आकाशाचं माप बिघडतं ते इथे. पंचिंग मशीनचा ठिपका पाव इंचाचा असतो. तोही खऱ्या ताऱ्याहून मोठाच, पण नजरेला चालून जातो.

कोणता भाग लावायचा?

अख्खं आकाश दहा बाय दहाच्या छतावर मावत नाही. म्हणून एकच पट्टा निवडा: कृत्तिका, रोहिणी, मृग आणि व्याध. सत्तावीस नक्षत्रांतली तिसरं, चौथं आणि पाचवं ही तीन सलग नक्षत्रं, आणि जोडीला रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. हे सगळं जवळजवळ एका तिरक्या रेषेत आहे, आणि त्याच मापात आपल्या छतावर बसतं.

कृती अशी:

1. मोबाईलच्या होकायंत्रावर खोलीची उत्तर दिशा शोधा. आकाशातली दिशा तीच छतावरची दिशा.
2. पंखा बहुधा मधोमध असतो. त्याच्यापासून दीड फूट आग्नेयेला मृगाच्या पोटातला बाण लावा. बाण म्हणजे चार इंचांच्या आत एका ओळीत तीन ठिपके. ओळ वायव्येकडून आग्नेयेकडे हवी.
3. मधल्या ठिपक्यापासून साधारण एका मुठीच्या अंतरात हरणाचे चार पाय. ईशान्येला काक्षी पंधरा इंचांवर, नैऋत्येला राजन्य साडेतेरा इंचांवर. वायव्य बाजूला, पण उत्तरेकडे जास्त झुकलेला, तिसरा पाय बारा इंचांवर. आणि दक्षिणेला किंचित पूर्वेकडे झुकलेला चौथा पाय पुन्हा साडेतेरा इंचांवर.
4. उत्तरेकडच्या दोन पायांच्या मध्ये, थोडं वर, तीन बारीक ठिपके चिकटून लावा. हे हरणाचं डोकं, मृगशीर्ष.
5. बाणाची रेषा आग्नेयेकडे वाढवा. पस्तीस इंचांवर व्याध. इथे दोन ठिपक्यांएवढा मोठा गोल लावा.
6. तीच रेषा उलट, वायव्येकडे न्या. तितक्याच अंतरावर, पस्तीस इंचांवर रोहिणी. तिच्यापुढे एकवीस इंचांवर कृत्तिकांचा पुंजका. दीड-दोन इंचांत सहा बारीक ठिपके.

मोजा: चार, तीन, तीन, एक, एक, सहा. झाले अठरा.

कागदावर आधी आराखडा काढणार असाल तर एक गोची लक्षात घ्या. जमिनीच्या नकाशात उत्तर वर धरली की पूर्व उजवीकडे येते. आकाशाच्या नकाशात ती डावीकडे येते, कारण आपण तो डोक्यावर धरून खालून पाहतो. हे विसरलात तर सगळं आकाश आरशातलं होईल. मुलाला हे सांगू नका. कागद जमिनीवर धरून आणि मग डोक्यावर धरून त्यालाच बघू द्या.

घोड्यावर मोठ्यांनीच चढावं आणि पंखा आधी बंद करावा. बाकी मोजणं, खुणा सांगणं, ठिपके पाडणं हे काम मुलाचं. बाबांनी सगळं करून मुलाला "सरप्राइज" दिलं, तर शोभा मिळेल, शिकणं मिळणार नाही.

सपाट छतावर कडेचे तारे किंचित ताणल्यासारखे होतात, कारण खरं आकाश घुमटासारखं भासतं. तेवढी चूक माफ.

छत हा सराव, अंगण ही परीक्षा

आता खरी गंमत. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री नवाच्या सुमारास मुलाला गच्चीवर किंवा अंगणात न्या. महाराष्ट्रातून पाहताना मृग तेव्हा दक्षिणेला, जवळजवळ डोक्यावर असतो. काही सांगू नका. फक्त म्हणा, "तुझ्या छतावरचं हरीण शोध." तीन ठिपक्यांचा बाण त्याला सापडेलच. मग मूठ पुढे करायला लावा. छतावर काक्षीपासून राजन्यापर्यंत दोन मुठींना थोडं कमी अंतर होतं. आकाशातही दोन मुठींना थोडं कमी! ज्या क्षणी मुलाला हे कळतं, त्या क्षणी त्याच्या तोंडाकडे पाहा. "हे तर आमच्या घरातलंच आहे!" हा उद्गार कुठल्याही प्रोजेक्टरमधून निघत नाही.

मग फरक दाखवा. छतावर सगळे ठिपके हिरवट आहेत. आकाशात काक्षी आणि रोहिणी तांबूस आहेत, राजन्य आणि व्याध निळसर पांढरे. छतावर सगळे एकाच पातळीवर, आकाशात तसं नाही. व्याधाचा आज दिसणारा प्रकाश साडेआठ वर्षांपूर्वी निघालेला आहे, म्हणजे तिसरीतल्या मुलाच्या वयाचा. रोहिणीचा साधारण पासष्ट वर्षांपूर्वीचा, आजोबांच्या वयाचा. आणि कृत्तिकांचा प्रकाश शिवाजी महाराजांच्या जन्माआधी निघालेला!

महिन्यांची नावंही इथेच सापडतात. कार्तिकातल्या पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांच्या आसपास असतो म्हणून तो कार्तिक. मार्गशीर्षातला मृगशीर्षाच्या आसपास असतो म्हणून तो मार्गशीर्ष. कालनिर्णयावर रोज दिसणारी नावं छतावर आहेत, हे मुलांना कोणी सांगितलेलंच नसतं.

"पण शहरात तारे दिसतात कुठे?"

हा प्रश्न पालक विचारतात, आणि तो रास्त आहे. चांगल्या काळोखात एका वेळी दोन-अडीच हजार तारे नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतात. शहरात त्यांतले फार थोडे उरतात. पण म्हणूनच मी हा पट्टा निवडला. व्याध, रोहिणी, बाण आणि हरणाचे चार पाय निरभ्र रात्री शहरातूनही दिसतात. अडचण येते ती कृत्तिकांची आणि मृगशीर्षाची.

तीच परीक्षा करा. छतावर कृत्तिका सहा आहेत. गच्चीवरून किती दिसतात? मामाच्या गावाहून किती दिसतात? वहीत तारीख टाकून लिहा. आकडा कमी का झाला, याचं उत्तर मूल स्वतःच शोधेल: रात्रभर वर तोंड करून जळणारे दिवे, जाहिरातींचे फलक, धूळ. आपल्या महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं "डार्क स्काय पार्क" म्हणून मान्यता मिळाली. तिथला काळोख जपायचा, तर दिव्यांची तोंडं खाली वळवावी लागतात. हे आपल्या सोसायटीतही करता येतं. सहावीतल्या मुलाने कृत्तिका मोजून तसा अर्ज सोसायटीच्या चेअरमनला लिहिला, तर मराठीच्या पेपरातल्या पत्रलेखनापेक्षा ते पत्र जास्त खरं असेल.

आणि फिरत्या प्रोजेक्टरबद्दल एवढंच सांगतो. त्यातले ठिपके कशाचेच नसतात. ते सुंदर आहेत, पण बाहेर जाऊन शोधण्यासारखं त्यांत काही नाही. घरात असलाच तर असू द्या, मात्र त्याच्या लेझरच्या भिंगात मुलांना थेट पाहू देऊ नका.

शेवटी एक प्रश्न

छतावरच्या आकाशाची एक उणीव आहे. ते हलत नाही. माझ्या मते त्याचा सर्वांत मोठा उपयोग तिथेच आहे.

एप्रिलमध्ये मृग संध्याकाळी पश्चिमेला कललेला दिसेल. मे संपेपर्यंत तो दिसेनासा होईल. आणि मग सात-आठ जूनला घरात कोणीतरी म्हणेल, "मृग लागला." शेतकरी आभाळाकडे पाहू लागतील. त्या रात्री मूल छताकडे बघेल. तिथे हरीण आहे, बाण आहे, व्याध आहे. बाहेर जाऊन बघेल, तर मृग कुठेच नाही. मग ते विचारेल, "मृग लागला म्हणता, मग तो दिसत का नाही?"

उत्तर असं आहे की त्या दिवसांत सूर्यच मृग नक्षत्रात असतो. मृग सूर्याबरोबर उगवतो, सूर्याबरोबर मावळतो, आणि दिवसाच्या उजेडात आपल्याला दिसत नाही. पण हे उत्तर लगेच देऊ नका. दोन दिवस त्याला त्या प्रश्नासोबत झोपू द्या. अठरा ठिपक्यांखाली पडून जे मूल असा विचार करतं, त्याला पुढे ग्रहांच्या नावाने कोणी सहज घाबरवू शकणार नाही.

तो ऊसतोड कामगाराचा मुलगा मार्चमध्ये आपल्या गावी परत गेला. जायच्या आधी मी त्याचं चित्र वर्गाच्या भिंतीवर लावलं होतं. ते अजून तिथेच आहे. दर वर्षीची मुलं ते बघतात आणि विचारतात, "सर, हे नुसते ठिपके कसले?"

मी म्हणतो, "आज रात्री जेवण झालं की बाहेर या आणि वर बघा."